पाच नंबरची पात

सोमवारची गाडी. हैदराबाद. वेटिंग एक्केचाळीस.

रोपांची जुडी डाव्या हातात धरायची, रोवायचं उजव्यानं.

आठ खुर्च्या, माणसं सात.

"बीच में घुसने का. पूछने का नहीं, घुसने का."

फाटकावर चाळीस ट्रॅक्टर आणि आभाळ काळं.

आई म्हणाली, चप्पल नको, सँडल घाल.

पद : एक.

*

आता ओळीनं.

दामिनी कामठ्याची. बी.एस्सी. झाली त्याला दोन वर्षं होत आली. धानाची कोठारं चालवणारी एक कंपनी अर्जुनी मोरगावला नवं केंद्र उघडत होती, त्या केंद्राला प्रमुख हवा होता. आलेल्या सगळ्यांना एकाच टेबलाभोवती बसवून मुलाखत घेणार होते, गोंदियाला, स्टेशनजवळच्या हॉटेलच्या हॉलमध्ये. अशी एकत्र मुलाखत दामिनीची ही पाचवी. मागच्या चारही वेळा जास्त बोलणाऱ्याला घेतलं होतं. या वेळी नाही झालं तर सोमवारी हैदराबादला, मैत्रिणीच्या पॅकिंग कंपनीत. जायची तिची इच्छा नव्हती. पण तिकीट तिनं स्वतःच काढलं होतं, घरच्यांनी काढायच्या आत.

"तू काऊन घाबरतं?" सकाळी सुमित्राबाई, म्हणजे तिची आई, म्हणाली होती. "घरी त एका शब्दाले दहा शब्द देतं."

"घाबरून नाई राहिली मी, आई."

"मंग सँडल घाल."

ती खरंच घाबरली नव्हती. तिला चिंता एकाच गोष्टीची होती. इंद्रकुमार सरांचे नियम तिला पाठ होते, पण तोंडात बसत नव्हते.

*

इंद्रकुमार सर गोंदियात झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत मुलाखतीचा क्लास घेतात. 'घुसने का' हे त्यांचंच. भिंतीवर लिहिलंय :

नियम १. सगळ्यात आधी बोला.
नियम २. दुसऱ्याचं वाक्य आपण पूर्ण करा.
नियम ४. शेवटचा शब्द आपला.

नियम ३ वर कॅलेंडर आहे. वर्गातल्या कुणीच ते उचलून पाहिलेलं नाही.

*

छातीवर नंबर लावले. दामिनी पाच. तिच्या उजव्या हाताला सहा नंबर, रीना, दरेकशाची, सकाळच्या पहिल्या गाडीनं आलेली. समोर दोन नंबर, विक्की, गोंदियाचाच, एमबीए, बूट असे चमकत होते की त्यात पंखा दिसत होता. विक्कीच्या शेजारी तीन नंबर, भूपेंद्र. बाकीचे तिघं. आठवा आलाच नाही.

मुलाखत घ्यायला नागपूरहून आलेल्या गुंजन मॅडमनी सगळ्यांपुढे एकेक कागद ठेवला.

'केंद्राच्या फाटकावर धानाचे चाळीस ट्रॅक्टर. काटा एक. शेडमध्ये जागा पंधरा ट्रॅक्टरांची. तासाभरात पाऊस येईल. काय कराल? सगळ्यांनी मिळून ठरवा. वेळ बारा मिनिटं.'

मॅडमनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि त्या भिंतीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

*

मिनिट पहिलं ते चौथं

विक्की : "सिंपल है. टोकन. जो पहले आया उसका पहले तौलो."

भूपेंद्र : "तासात किती मोजशील बे? आठ? बाकी बत्तीस भिजतील."

विक्की : "तो ॲप बनाओ."

भूपेंद्र : "पाऊस ॲप पाहून येते का?"

सगळे हसले. भूपेंद्र म्हणाला, ताडपत्र्या वाटा. सात नंबर म्हणाली, वरच्या साहेबांना फोन लावा. एक नंबर सगळ्यांना 'बरोबर' म्हणत होता. चार नंबर कागदावर नकाशा काढत होता, काटा इथे, शेड तिथे, आणि कुणी पाहतंय का ते पाहत होता.

दामिनी दोनदा बोलली. एकदा विचारलं, ताडपत्र्या केंद्रावर आहेत किती? कागदात ते नव्हतं. दुसऱ्यांदा म्हणाली, जवळच्या गावच्यांना परत पाठवता येईल.

मिनिट पाचवं

रीना : "पण ते जात नाहीत. कारण तिथं..."

विक्की : "जाएंगे कैसे नहीं? बोलेंगे तो जाएंगे. सुनो, मेरा पॉइंट..."

रीना : "नाही, म्हणजे त्यांचा..."

सात नंबर : "वेळ जाऊन राहिला, पुढं चला."

रीनानं पेन खाली ठेवला.

*

इथे घड्याळ थांबवू. धानाच्या शेतात, बांधीत जायचंय.

रोवणीला बाया ओळीत उभ्या राहतात आणि वाकून रोवत रोवत मागं सरकतात. प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टी, तिला पात म्हणतात. एखादी मंद असली आणि दोन्ही अंगाच्या बाया तिच्या मागची जागा रोवून निघून गेल्या, तर ती मधेच कोंडते. पुढंही परे, म्हणजे रोवलेली रोपं, मागंही परे. बाहेर यायचं तर रोवलेलं तुडवूनच यावं लागतं. मग हसणं. "कोंडली वो, कोंडली!" दामिनीही हसली आहे, दोन मोसम, पोटभर.

धुरपताबाई मात्र हसत नाही. तीस वर्षं ती ओळीच्या टोकाला उभी राहते. मान खाली असते, पण कोण कुठपर्यंत आली ते तिला न पाहता माहीत असतं. ती एवढंच म्हणते :

"तुडवलं त पुन्हा कोन रोवंल? तुजा बाप? मांगं राह्यली तिची पात दोई अंगानं घ्या."

घड्याळ सुरू.

*

मिनिट पाचवं, पुन्हा

सगळ्यात सोपं होतं नियम दोन वापरणं. रीनाचं वाक्य कुठे चाललंय ते दामिनीला अर्धं कळलं होतं. उरलेलं आपलं जोडून म्हणून टाकायचं, झालं. पद एक होतं.

"विक्कीभाऊ, एक मिनिट थांबा," दामिनी म्हणाली. आवाज चढवला नाही, फक्त तळहात टेबलावर ठेवला. "रीना, कोण जात नाही? काऊन जात नाही?"

रीनानं तिच्याकडे पाहिलं आणि टेबलाला नाही, दामिनीलाच सांगू लागली. "माझे बाबा गेले होते ना. मनीराम. दोन दिवस फाटकावर होते. साहेब म्हणाला, घरी जा, तुमचा नंबर राहील. परत आले त नंबर नाही. म्हणून आता कोणीच लाईन सोडत नाही. भिजू दे, पण सोडत नाही."

"मग सोडावी म्हणून काय करायचं?"

"कागद द्या. नंबर लिहून, सही करून. हातात कागद असला त माणूस हलते."



मिनिट सातवं ते बारावं

"जवळच्यांना कागद," भूपेंद्र म्हणाला, "आणि दूरचे शेडमध्ये."

"मोजायचं नंतर," दामिनी म्हणाली. "आधी फक्त आत घ्यायचं. चार नंबर, तुमचा नकाशा दाखवा. पंधरा कसे लागतील?"

चार नंबरचा चेहरा असा फुलला, जणू त्याला आत्ताच नोकरी लागली. विक्कीनंही कागद ओढला. "पोत्यातला माल शेडच्या कडेला लावा, मोकळा मधे. मेरे मामा का गोडाऊन है, मला माहीत आहे." आणि ते बरोबर होतं.

बाराव्या मिनिटाला चाळीसपैकी चाळीस ट्रॅक्टरांची सोय लागली होती. शेवटचा शब्द कुणाचा होता ते कुणाच्याच लक्षात नाही.

*

गुंजन मॅडम टेबलाशी आल्या. "आता प्रत्येकानं सांगायचं, बाकीचे काय म्हणाले."

विक्कीनं स्वतःपासून सुरुवात केली आणि स्वतःवरच संपवलं. भूपेंद्रला चौघांचं आठवलं. रीनानं दामिनीचंच सांगितलं.

दामिनीनं एकापासून सातपर्यंत सांगितलं, पाच वगळून. ताडपत्रीवाल्याला ताडपत्री दिली, फोनवालीला फोन दिला, एक नंबरचे सगळे 'बरोबर'सुद्धा सांगितले. अकरा होते.

"आणि तुम्ही?"

"मी विचारलं. आणि विक्कीभाऊला थांबवलं."

"का थांबवलंत?"

इथे दामिनीची क्लासमधली भाषा सुटली. "कोंडून राहिले होते रीनाले." मग तिनं बांधी सांगितली, पात सांगितली, तुडवलेलं पुन्हा रोवावं लागतं ते सांगितलं. हात टेबलावर आपोआप रोवत होते. "काट्यावर बी तसंच असते, मॅडम. हमाल राहते, कास्तकार राहते, बाबू राहते. एक मधात कोंडला त सगळ्यांचं काम दुसऱ्यांदा करा लागते. मी केंद्र असंच चालवीन. पटत असेल तर घ्या."

मॅडमनी काहीतरी लिहिलं. एकच ओळ. दामिनीला ती उलटी वाचता आली नाही, आणि तिनं प्रयत्नही केला नाही.

*

साडेतीनला निकाल पुकारला. पाच नंबर.

विक्कीनं हात मिळवला. "क्लास कौनसा था तुम्हारा?"

"धुरपताबाईचा."

"नंबर देना."

"फोन नाही वापरत."

रीना पायऱ्यांवर सँडलचा पट्टा बांधत होती. वर न पाहता म्हणाली, "माझी पात घेतली, नोकरी बी घेतली. वा वो बाई."

दामिनी तिच्या शेजारच्या पायरीवर बसली.

"काट्यावर माणूस लागणार आहे मले," ती म्हणाली. "जाहिरात निघंल. अर्ज करशील?"

"तू बॉस राहशील?"

"हो."

"मंग पाहू," रीना म्हणाली. मग हसली. "कागद देशील ना? सही करून?"

दामिनीनं पिशवीतून कागद काढून त्यावर लिहिलं : रीना, नंबर एक. खाली सही केली, तारीख टाकली. त्या कागदाच्या मागच्या बाजूला सोमवारचं तिकीट छापलेलं होतं.

*

दामिनी पहिल्यांदा रोवणीला गेली तेव्हा चौदा वर्षांची होती, आणि त्या दिवशी धुऱ्याला, शेताच्या बांधाला, सगळ्यात शेवटी पोचली, एकही रोप न तुडवता.