संत्र्याची आळी

कुठल्याशा दूरच्या मुलखात लढाई पेटली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रीघ लागली. गावोगावच्या लोकांनी ज्वारी मोडून कापूस पेरला, बांधावर पेरला, गुरांच्या कुरणात पेरला. सूर्यभाननेही पेरला आणि दोन हंगामांत सागवानी खांबांचं नवं घर बांधलं. घरामागे विहिरीपर्यंत मोकळी जागा उरली होती. ती त्याने बायकोला, मनकर्णाला दिली.

"भाजीपाला बी आता अमरावतीहून आणा लागते," तो म्हणाला. "अठी बाग कर. तुया मनानं लाव. पण संत्री पायजेत. नागपुराहून कलमं मी आणून देतो."

मनकर्णाला मूलबाळ नव्हतं. लग्नाला चौदा-पंधरा वर्षं झाली तरी नवऱ्याने कधी तिला विचारून काही केलं नव्हतं. त्यामुळे 'तुया मनानं' हे शब्द तिने कितीतरी दिवस मनात घोळवले.

उन्हाळाभर ती त्या जागेत बसून ऊन कुठून येतं आणि कुठे जातं ते बघत राहिली. मग चुलीतली राख घेऊन तिने जमिनीवर रेघा ओढल्या. पश्चिमेला हादगा आणि शेवगा, म्हणजे वैशाखातली झळ आत येणार नाही. न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे केळी. गोठ्याच्या छपरावर दोडका आणि कोहळ्याचे वेल. विहिरीजवळच्या वाफ्यांत वांगी, मिरची, थंडीत मेथी. पपई कुंपणाशी, जांब आणि लिंबू कोपऱ्यात. आणि मधली सगळी जागा संत्र्यांना.

काळ्या मातीची तिला भीती होती. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि झाडाचं मूळ सडतं. म्हणून तिने संत्र्यांचे खड्डे भर उन्हात खणून तापू दिले, त्यांत मुरूम आणि शेणखत घातलं आणि कलमं उंचवट्यावर लावली. प्रत्येक खोडाभोवती तिने मातीचा कोरडा ओटा केला आणि पाण्याचं आळं त्या ओट्याच्या बाहेरून, गोल फिरवलं. पाणी मुळांना मिळायचं, खोडाला शिवायचं नाही. गडीमाणसं कापसात अडकलेली असत. ओटे तिने स्वतःच्या हातांनी थापले.

पहिल्याच वर्षी पपया लागल्या. दुसऱ्या वर्षी केळीचे घड उतरले. तिसरा पावसाळा गेला आणि माघात संत्र्यांवर पहिला बहर आला. सकाळी मागचं दार उघडलं की वास थेट चुलीपर्यंत यायचा.

त्याच माघात सूर्यभानने जमुनाला आणलं.

जमुना अकोल्याकडची. विशी उलटलेली, नवरा वारलेला. सूर्यभानने तिच्याशी पाट लावला. मनकर्णाला हे कळलं तेव्हा गाडी वेशीत आली होती. गावात नवल कुणालाच वाटलं नाही. पैसा आल्यापासून पुष्कळांनी दुसरी बायको केली होती. मनकर्णाने भाकरतुकडा ओवाळून तिला घरात घेतलं. त्या संध्याकाळी सूर्यभान दोघींना घेऊन मागच्या दारी गेला.

"पाह्य," तो जमुनाला म्हणाला. "तुया भावानं अट घातली होती न, घर नवं पायजे, बाग पायजे, पोरीले झाडाचा लय नाद हाये म्हून? तुयाच नावानं पोसून राहिलो मी हे. आजपासून तू सांभाळ."

मग मनकर्णाकडे न बघताच म्हणाला, "तू आता चुलीकडं पाह्य."

मनकर्णा आत गेली आणि तिने भाकरी थापायला घेतल्या. परातीत तिचे हात थांबत होते. ती खड्डे खणत होती तेव्हा हा अकोल्याला सोयरीक ठरवत होता. तिच्या फुटलेल्या तळव्यांना एकदा त्याने स्वतः तेल आणून दिलं होतं.

जमुना मात्र वाईट नव्हती. दुसऱ्याच दिवशी ती चुलीपाशी येऊन बसली.

"मोठीबाई, माह्यावर राग नोका धरू. मले भावानं जसं पाठवलं तशी मी आली. तुमी एवढं सुंदर लावलं. मले शिकवा न."

मनकर्णा आठ-दहा दिवस तिच्याशी बोलली नाही. नंतर एका सकाळी आपणहून म्हणाली, "चाल, दाखवतो."

तिने वांग्याची कीड कशी वेचायची ते दाखवलं. मेथीचं बी कसं रगडून पेरायचं, केळीची पिलं कधी काढायची, सगळं खरं खरं सांगितलं. शेवटी दोघी संत्र्यांपाशी आल्या.

"हे ओटे लहानपणी लागतात," मनकर्णा म्हणाली. "आता झाड मोठं झालं, त्याले तहान लय. ओटा फोडून टाक. आळं खोडालेच भिडव. पाणी खोडाले लागलं पायजे. अन् ओलं शेण लिंप बुडाले."

"रोज पाणी देऊ?"

"रोज. दोन्ही वख्ती."

पहिला ओटा मनकर्णाने स्वतः फोडला, कसा फोडायचा ते दाखवायला म्हणून. बाकीचे जमुनाने फोडले.

उन्हाळाभर जमुनाने घागरी वाहिल्या. कमरेवर घट्टे पडले तिच्या. एकेका झाडाशी ती बोलायची. झाडं आधी हिरवीगार झाली, बोराएवढी फळं धरली, आणि सूर्यभान खुशीत येऊन अमरावतीच्या अडत्यांना सांगू लागला की औंदा संत्री माझ्या घरची खायला या. पावसाळा आला. फुटक्या ओट्यांच्या जागी पाणी साचून राहिलं. श्रावणात पानं पिवळी पडली. खोडातून डिंक गळू लागला, साल ओली होऊन सुटायला लागली. जमुना घाबरून मनकर्णाकडे धावली.

"शेण कमी पडत असंन," मनकर्णा भाजी चिरता चिरता म्हणाली. "अजून लिंप."

दसऱ्यापर्यंत हिरवी फळं चिखलात पडली आणि झाडं उभ्याउभ्या वाळली. एक वाचलं नाही.

अडते यायचे होते त्या दिवशी सकाळी सूर्यभानने जमुनाला दंडाला धरून ओढत बागेत नेलं. हातात बैलाचा कासरा होता. गोठ्यातले गडी बघत होते. तिने पहिले दोन तडाखे मुकाट्याने सोसले, तिसऱ्याला ती खाली बसली.

"मी मनानं नाई केलं! मोठीबाईनं सांगतलं तसंच केलं!" ती मनकर्णाकडे वळली. "तुमी सांगा न याईले. तुमीच ओटा फोडला न पयला?"

मनकर्णा दारात उभी होती. खरं बोलायला एक शब्द पुरला असता.

"म्या?" ती म्हणाली. "म्या कायले फोडू? माह्या हातानं थापलेले ओटे मी फोडंन?"

जमुना तिच्याकडे बघतच राहिली. त्यानंतर कासरा बसत राहिला तरी ती ओरडली नाही.

"पयला नवरा खाल्ला, आता झाडं खाल्ली," सूर्यभान सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "असा हात माह्या घरात नोको."

अमरावतीचा फारुख गाडीवान कापूस घेऊन अकोल्याकडे निघाला होता. त्याच्या गाडीतल्या कापसाच्या बोंद्र्यांवर जमुनाला बसवून दिलं. पाटल्या आणि गोठ घरातच काढून घेतले होते.

पंधरवड्याने फारुख परतला आणि पाणी प्यायला दारात थांबला. मनकर्णाने विचारलं तेव्हा तो खाली बघून बोलला, "भावानं घरात घेतलं नाई, बाई. बोलला, नवऱ्यानं टाकलेली मी कुठं ठेवू? बाहेर गोठ्यात पडून राहते. दिवसा लोकाईच्या वावरात कापूस वेचते. पाठीचे वळ पिकले तिच्या."

मनकर्णाने त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. ते सांडलं. तिने दुसरा तांब्या आणला.

बाग आता पुन्हा तिची झाली होती. वाळलेली झाडं काढून त्याच जागी नवी कलमं लावायची, या खेपेला ओटे अजून उंच करायचे, असं तिने ठरवलं. एका दुपारी सूर्यभान सुपारी कातरत बसला होता. तिने विषय काढला.

"कलमं नाई येणार," तो म्हणाला. "मिरगात तठी कापूस पेरतो. भाव अजून चढून राहिला."

"सगळ्या जागेत? केळी, जांब... हे तर जितं हाये."

"सगळ्या."

"तुमीच म्हनलं होतं, तुया मनानं लाव. ती पोरगी गेली. आता मी सांभाळतो न."

त्याने अडकित्ता खाली ठेवला आणि तो हसला.

"तू ओटा फोडून राहिली होती तव्हा मी विहिरीवर उभा होतो. पाह्यलं म्या."

मनकर्णाची नजर मागच्या दारातून विहिरीकडे गेली.

"जमुनाचा भाऊ तिच्या नावानं वावर मागून राहिला होता. मले तिले काढासाठी कारण पायजेच होतं. तू देल्लं. संत्री गेली त गेली." त्याने सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. "आता बागंचं नाव काढशीन, त गावाले सांगतो कोन फोडला ओटा."

मिरगाच्या आधी बैल आत आले. हादगा, शेवगा कुऱ्हाडीने पडले. जांब दोन बैल लावून मुळासकट ओढला. मनकर्णा नांगरापुढे वाकून हाती लागेल ते तोडत होती. वांगी, मिरच्या, पिकायला आलेल्या पपया, केळीचा एक कच्चा घड. तिने मोठी पाटी भरली, वर केळीचं पान बांधलं आणि फारुखच्या गाडीत ठेवली.

"जमुनाच्या हातात दे," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाच्या नाई. माहं नाव नोको सांगू."

फारुख परत आला तेव्हा मागच्या दारापर्यंत पेरणी झाली होती.

"जमुना भेटली नाई," तो म्हणाला. "वावरात गेली होती. भावजयीनं पाटी उतरवून घेतली. माह्यासमोरच पोराईले पपई कापून देल्ली."

"अन् तिच्यासाठी काही ठेवलं?"

"मी लय वेळ थांबलो, बाई," फारुख म्हणाला. "काही ठेवलं नाई."