मी दाखवलेली खोटी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे, खिडकीवरचा नव्हे, चित्रं दाखवणारा. अडगळीच्या खोलीत, तीन मोडक्या खुर्च्यांमागे, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. माझी गोष्ट ऐका, पण माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मी एका माणसावर सूड उगवला आहे आणि मला त्याचा पस्तावा नाही.

मेंदूचं चित्र काढणाऱ्या मोठ्या यंत्राच्या बोगद्यापाशी मला बसवलं होतं. सिगारेट सोडू पाहणारा माणूस आत आडवा व्हायचा आणि डोळ्यांवरच्या लहान आरशातून मला पाहायचा. मी एक लाल पट्टी दाखवायचो. हवंहवंसं काही दिसलं की मेंदूचा जो भाग खूश होतो, त्याची ती पट्टी. सिगारेटचं चित्र आलं की ती चढायची. माणसाने मन आवरलं की पाच-सहा सेकंदांनी उतरायची. उतरलेली पाहून त्याला हुरूप यायचा आणि त्या हुरुपावरच तो शिकायचा. यंत्र चालवणाऱ्या ताई मला रोज मऊ फडक्याने पुसायच्या.

एक वेल्डरकाका यायचे. गरोदर लेकीने त्यांना बजावलं होतं, "सिगारेट सुटल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही." पण हा प्रयोग चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी तुलनेसाठी निम्म्या लोकांना दुसऱ्याच कुणाची पट्टी दाखवायचं ठरवलं होतं. शेवटी सगळ्यांना खरं सांगून त्यांची खरी पट्टी दाखवायची, असा नियम होता. काका त्या निम्म्यांत होते. ते जिवाचं रान करायचे आणि मी त्यांच्यापुढे परक्याची चढती पट्टी धरायचो. मला आवाज असता तर मी ओरडलो असतो.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांना भाषणाला जायची घाई होती. खरं सांगणं राहिलं बाजूला. जाता जाता म्हणाले, "काका, तुमच्यात निग्रहच नाही. यंत्र तरी काय करणार?" काका खालमानेने गेले. मी डूख धरला.

महिन्याभराने पाहुणे आले. मन कसं आवरायचं हे दाखवायला डॉक्टर स्वतः बोगद्यात शिरले. मोह पडेल असं कुठलंही चित्र लावा, म्हणाले. ताईंनी त्यांच्याच सत्काराचा फोटो लावला. त्यांची खरी पट्टी सरसर चढली आणि वर जाऊन चिकटली. डॉक्टरांनी कितीही आटापिटा केला तरी ती तसूभर उतरेना. माझ्या एका कोपऱ्यात तेव्हा अंधारी येऊ लागली होती. मी मान टाकली असती तर त्यांची लाज राहिली असती. मी टाकली नाही. ताई माइकवर शांतपणे म्हणाल्या, "सर, निग्रह कमी पडतोय." काचेपलीकडे पाहुणे हसले आणि माझा जीव थंडावला.

नाचता येईना अंगण वाकडं. पडदा बिघडलाय, उद्या काढून टाका, असा डॉक्टरांनी हुकूम सोडला. इतके दिवस डॉक्टरांना भिणाऱ्या ताईंनी दुसऱ्या सकाळी काकांना बोलावून घेतलं आणि त्यांची जपून ठेवलेली नोंद माझ्यावर लावली. "ही तुमची खरी पट्टी. दहांपैकी सात वेळा उतरवली होती तुम्ही."

काकांनी पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे मला जमत होतं." बाळ बारा दिवसांचं झालं होतं आणि काकांनी ते अजून दारातूनच पाहिलं होतं.

मित्रांनो, पडदा गेला तर नवा येतो. धडपडणाऱ्या माणसाला खोटी हार दाखवू नका. ते बारा दिवस त्याला कुणी परत देत नाही. आणि कधी इथे आलात तर माझ्यावरची धूळ पुसा आणि मला दाराकडे वळवून ठेवा. डॉक्टर रोज याच वाटेने जातात.