नाल्याकाठचा मुळा

सुनेला पुन्हा फेपरं आलं, तेव्हा रंभाबाईच्या तोंडून ना हाय निघाली, ना शिवी. थकली होती बिचारी. वर्षभरात बनाबाईच्या नाकाशी कांदा धरून झाला, चप्पल हुंगवून झाली, अंगारे-धुपारे झाले, देवऋषीही झाला. मळ्यातल्या मेथीच्या पेंढ्या बांधता बांधता पोरगी कोसळायची, तोंडाला फेस यायचा आणि शेजारणी दारात तमाशाला जमायच्या. माणसाने किती दिवस तेच ते पाहावे!

"उद्या हिला मंद्रूपला सोडून येते," ती मुलाला म्हणाली. "म्हायेरचं दुखणं म्हायेरी जाऊ दे."

चन्नवीर मान खाली घालून भाकरी मोडत राहिला. आपल्या घरांतले मुलगे अशा वेळी दुसरं काय करतात?

पण सोलापूरच्या स्टँडवर मंद्रूपची गाडी लागायच्या आतच बनाबाई पुन्हा कोसळली. लोकांनी तिला उचलून समोरच्या डॉक्टर म्हेत्र्यांच्या दवाखान्यात नेलं. कुणीतरी कांदा पुढे केला, तो डॉक्टरांनी बाजूला सारला आणि पोरीला कुशीवर वळवलं. ती शुद्धीवर आल्यावर त्यांनी तिचे दंड चाचपले. कातडीखाली बारीक बारीक गाठी लागल्या. त्यांनी लगेच मांडीचा एक्स-रे फोटो काढून आणायला सांगितला.

दुपारी फोटो उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले, "हे तांदळाएवढे पांढरे दाणे पाहा. मांसात आहेत, तसे मेंदूतही असणार. म्हणून फिट येते. डुकराच्या मांसातून माणसात जो जंत येतो ना, त्याच्या अळ्या आहेत या."

रंभाबाई उसळलीच. "काय बोलताय डाक्टर! गळ्यात लिंग हाय आमच्या. आमच्या घरात कुनी अंड्याला सुदिक शिवलं न्हाय!"

"शिवायला लागत नाही, बाई. कुणी ते मांस नीट न शिजवता खातो. त्याच्या पोटात जंत वाढतो, त्याला पत्ताही नसतो. तो उघड्यावर शौचाला बसतो. जंताची अंडी विष्ठेतून पाण्यात जातात, पाण्यातून भाजीवर आणि भाजीवरून तुमच्या-माझ्या तोंडात. डोळ्यांना दिसत नाहीत. जंताला जात कळत नाही, बाई." मग ते सुनेकडे वळले. "पोरी, कच्चं काय खातेस तू?"

"मुळा," बनाबाई हळूच म्हणाली. "आत्याबाई देत्यात. रोज कवळा बघून, पैला मला."

रंभाबाईच्या डोळ्यांपुढे आपला मळा आला. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली, तेव्हा तिने मळ्याला शहराच्या नाल्याचं पाणी लावलं होतं. सगळी वस्ती सकाळी त्याच नाल्याकाठी बसायची. पुढे पाऊस झाला, विहीर भरली, पण नाल्याच्या पाण्यावर भाजी कशी तरारून येते, मग विहिरीची आठवण कुणाला? बाजाराला निघताना पेंढ्या टवटवीत दिसाव्यात म्हणून त्या नाल्यातच बुचकळायच्या, आणि त्यातलाच एक कोवळा मुळा झटकून सुनेच्या हातात द्यायचा. पोरगी लग्न होऊन आली तेव्हापासूनची ही रीत.

"म्हंजी मीच चारलं व्हय हिला?"

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही मायेनं दिलंत. माया निर्मळ होती, पाणी नव्हतं. आता रोज गोळी द्या. बरीच वर्षं द्यावी लागेल. फिट कमी होतील, पण एकही दिवस चुकवू नका. चुलीपाशी, विहिरीपाशी हिला एकटी सोडू नका. आणि हा आजार काही हिने माहेरून आणलेला नाही."

अरे देवा! माहेरचं दुखणं म्हणून जे परत करायला निघालो, ते आपल्याच मळ्यात पिकलेलं निघालं! आणि शहरातल्या किती घरांत ते पेंढी-पेंढीने गेलं असेल, कुणास ठाऊक!

संध्याकाळी मंद्रूपची गाडी लागली. बनाबाई निमूटपणे रांगेकडे निघाली, तसं रंभाबाईने तिच्या काखेतलं गाठोडं ओढून घेतलं.

"तिकडं कुटं? घरला चल की."

"परत फेपरं आलं तर, आत्याबाई?"

"आलं तर आलं. मी हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी चन्नवीरने नाल्याचा पाट मातीने बुजवला आणि विहिरीवर पुन्हा मोट जुंपली. त्या पाण्यावर मुळे बारीक आले, गिऱ्हाइकं नाकं मुरडू लागली. बनाबाईला अधूनमधून फिट येतेच. पण आता कुणी कांदा घेऊन धावलं, की रंभाबाई त्याला दारातूनच परत पाठवते.

वाचकहो, आपण सून, देव, नशीब, सगळ्यांना दोष देतो. फक्त आपण कुठे बसतो, पिकाला कुठलं पाणी पाजतो, जेवण्याआधी हात धुतो की नाही, हे तेवढं विचारत नाही. फेपरं हा शाप नव्हे. आपलीच घाण आपल्या ताटात परत येते, आणि शिक्षा मात्र घरातली परकी पोर भोगते.

परवा एक गिऱ्हाईक रंभाबाईला म्हणालं, "मावशी, मुळा एवढासाच?"

"बारीक हाय खरा," ती म्हणाली, "पन सुनेला देते, त्योच तुमाला देते."