कातरणीच्या जेवणातली तीन पाती

मी एक जुना, मिटून खिशात मावणारा चाकू आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला माझ्या पात्याचा फार गर्व आहे. माझी मूठ मेंढ्याच्या शिंगाची. पातं भंगारात निघालेल्या एका ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं. सार्डिनिया बेटावरच्या आमच्या डोंगरगावात टोमासू लोहाराने मला लालभडक तापवून ठोकलं. मी मऊ होतो तेव्हाच त्याने माझ्या अंगावर आपला शिक्का मारला, मेंढ्याचं शिंगाळं डोकं, आणि मग मला तेलात बुडवलं. चर्रर्र! तेव्हा जो कडक झालो तो आजतागायत.

मला घेतलं बाकिस धनगराने. तेव्हापासून मी त्याच्या उजव्या खिशात. सकाळी भाकरी, दुपारी चीज, मधेच मेंढीच्या खुरात रुतलेला काटा, कधी पोरांसाठी फांदीची शिट्टी. आमच्याकडे यजमान ताटाशेजारी सुरी मांडत नाही. जेवायला बसलेला प्रत्येक जण खिशातून आपापला चाकू काढतो. ज्याच्याकडे नसतो त्याला सगळे विचारतात, "काय रे, दात घरी विसरलास का?"

माझी एक खोड आहे, तीही सांगतो. अंग ओलं राहिलं की मला गंज चढतो. लिंबू लागलं की मी काळा पडतो आणि मग ज्याला शिवेन त्याला लोखंडाची चव देतो. म्हणून बाकिस जेवण झालं की मला मांडीवर पुसतो, ऑलिव्हच्या तेलाचं बोट फिरवतो आणि मगच मिटतो.

आता खरी गोष्ट ऐका. टोमासूला एकुलती एक लेक, पास्का. तिचा हात इतका सफाईदार की गावातल्या निम्म्या चाकूंच्या मुठी तिनेच घासलेल्या. पण तिची पाती न गंजणाऱ्या पोलादाची, आणि त्यांवर बाप काही शिक्का मारू देईना.

"न गंजणारं पोलाद म्हणजे न रडणारं मूल," टोमासू म्हणायचा. "काहीतरी खोट असणारच!"

"बाबा, बंदरावरची गिऱ्हाइकं वैतागलीत. खाऱ्या हवेत तुमचा चाकू बघता बघता लाल होतो."

"मग पुसायला काय हात मोडलेत त्यांचे?"

शेवटी पास्का म्हणाली, "मेंढरांच्या कातरणीपर्यंत वाट बघते. शिक्का नाही दिलात तर एफिसबरोबर बोटीत बसते. मिलानच्या कारखान्यात मला काम मिळतंय." एफिस म्हणजे तिचा मिलानला राहणारा चुलतभाऊ. टोमासू "जा की!" म्हणाला खरा, पण मूठ बदलायला मला भट्टीवर नेलं होतं तेव्हा मी पाहिलं, त्याचा हातोडा सारखा चुकत होता.

कातरणीचा दिवस उजाडला. सगळा गाव बाकिसच्या मेंढवाड्यावर लोटला. लोकरीचे ढीग पडले, मटण आणि कांदे-बटाटे मोठ्या पातेल्यात रटरटू लागले, पापडासारख्या पातळ भाकरींच्या चळती आल्या. मेंढवाड्याच्या फाटकाशी पास्काची बॅग भरून ठेवलेली होती. टोमासू तिकडे बघतच नव्हता.

एफिसने खिशातून आपला नवा कोरा चाकू काढला. "भुकटी दाबून केलेलं पोलाद आहे हे, काका! याला वर्षभर धार लावावी लागत नाही."

"अरेरे," बाकिस म्हणाला, "मग संध्याकाळी अंगणात बसून करतोस तरी काय?"

झालं, चढाओढ लागली. मेंढ्यांचे पाय बांधायची ओली दोरी आणली. आम्ही तिघांनी ती कापायला घेतली. आधी मी थकलो, मग थोड्या वेळाने पास्काचा चाकू. एफिसचा आपला सपासप चाललाच होता! माझा चेहरा पडला, खोटं कशाला बोलू? एफिसला इतका चेव आला की त्याने मटणाच्या सांध्यात पातं खुपसून पिरगाळलं. कट्! धारेचा टवकाच उडाला. मग पास्काने ओढ्यातला गुळगुळीत दगड घेतला आणि आम्हाला धार लावू लागली. मी लगेच तरतरीत झालो. तिचा चाकू जरा उशिराने. एफिसचा मात्र ढिम्म.

"अगं, दगडच झिजतोय की!" कुणीतरी ओरडलं. एफिसनेही कपाळावर हात मारला आणि तोसुद्धा हसू लागला.

टोमासू तर असा फुगला की विचारू नका. "आणि चवीचं काय? माझ्या लोखंडाने कापलेलं चीज मी डोळे झाकून ओळखीन!"

"मग ओळख," बाकिस म्हणाला. "आणि चुकलास तर?"

टोमासूने त्या दिवशी पहिल्यांदाच फाटकाजवळच्या बॅगेकडे पाहिलं. "चुकलो तर शिक्का तिचा."

मी मनात म्हटलं, गेली पोर मिलानला! कारण नुकतंच बाकिसने माझ्याने लिंबू चिरलं होतं. माझी चव ओळखायला लोहार कशाला, मांजरानेही ओळखली असती. बाकिसने आपली लोकरी टोपी टोमासूच्या नाकापर्यंत ओढली. ताजं, पांढरंशुभ्र चीज आलं. आम्ही तिघांनी एकेक फोड कापली. माझ्या फोडीवर काळा ओघळ उमटला. मग मला तिथेच त्याच्यासमोर आडवं ठेवलं.

आणि मित्रांनो, आडवं पडलं की खालचं दिसतं! टोपीखाली टोमासूचा एक डोळा टक्क उघडा होता. त्याने तो काळा ओघळ पाहिला. मला पाहिलं. मग तिन्ही फोडी मिटक्या मारत खाल्ल्या, मान डोलावली आणि पास्काच्या फोडीच्या जागेवर बोट ठेवलं. "ही माझी! काय गोडी आहे!"

एकच हलकल्लोळ झाला. "अरे लोहारा, पोटचं लोखंड ओळखता येईना तुला!" बाकिस पोट धरून हसत होता. क्षणभर मला रागच आला. मला जन्म देणाऱ्याने मलाच नाकारलं! मग त्याने टोपी वर सारली आणि डोळे पुसत म्हणाला, "कांदा फार तिखट आहे बुवा." उकडलेला कांदा कधी तिखट असतो का? तेव्हा मला सगळं उमगलं आणि माझा राग पार विरघळला.

पास्काने आपला चाकू पुढे केला. "मारा शिक्का."

"कार्टे, कडक झालेल्या पोलादावर शिक्का उमटतो होय? नवं पातं करावं लागेल."

"मग उद्या भट्टी पेटवा."

"तूच पेटव," टोमासू म्हणाला. "मी भाता ओढतो."

पास्काने बॅग उचलली आणि ती बाकिसच्या गाढवावर टाकली, घरी न्यायला. मग नाच सुरू झाला.

मित्रांनो, सगळ्या कामांना पुरेल असं पोलाद अजून कुणी केलेलं नाही. आमच्यातला कुणीही तुमच्या खिशात असो, त्याला हाडात पिरगाळू नका, वेळेवर धार लावा आणि माझ्यासारखा असेल तर आधी कोरडा पुसा. बाकिसने त्या दिवशी नाचायला जाण्याआधी मला पुसलं, तेल लावलं आणि टक् करून मिटलं. गाव अजून टोमासूला चिडवतो आणि तो खुशाल चिडवून घेतो. कधी इकडे आलात तर तुम्हीही चिडवा. फक्त पास्कासमोर त्या टोपीचं नाव काढू नका.