दाराबाहेर बसलेला रोगी

“तू इथं काय करतोयस रे?” कलमवाल्याचा आवाज असा चढला की बागेतली पाखरं उडाली.

धाकटा भाऊ रोपापाशी उकिडवा बसला होता. हातात चाकू, दातात कलमाला गुंडाळायची पट्टी. उत्तर दिलं बागमालकानं. “अहो, तुम्ही उठून आलात कसे? धाकटा तर म्हणाला, दादानं अंथरूण धरलंय, ऑपरेशन ठरलंय. म्हटलं, आता कलमं यालाच बांधू द्यावीत.”

“ऑपरेशन? कुणी ठरवलं?”

कलमवाल्याच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सर निघाला होता. ही गोष्ट त्याला, बायकोला आणि धाकट्यालाच ठाऊक. रोग बारीक होता, मुंगीच्या पावलानं चालणारा. डॉक्टर म्हणाले होते, एवढ्यात कापाकापी नको, अधूनमधून रक्त तपासू, नजर ठेवू. पण लघवीच्या अन् नवराबायकोच्या गोष्टी परक्यापुढे बोलायच्या म्हटलं की कलमवाल्याची मान वर होत नसे. तपासून झालं की गडी बाहेरच्या बाकावर येऊन बसे. आत डॉक्टर सांगत, धाकटा ऐके आणि बाहेर येऊन दादाला सांगे. ज्याला खांद्यावर घेऊन वाढवलं, त्याच्या तोंडचं खोटं कसं मानायचं?

मागच्या खेपेला रक्तातला आकडा चढला. धाकटा बाहेर येऊन म्हणाला, “ऑपरेशनच करा म्हणतात, दादा.” तेव्हापासून कलमवाल्याला अन्न गोड लागत नव्हतं, पण त्यानं अजून होकार दिला नव्हता.

धाकट्यानं पट्टी काढली. “गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून बोललो. तुझ्याच भल्यासाठी.”

“माझ्या भल्यासाठी? कलम जीव धरेपर्यंत चकरा माराव्या लागतात. ज्याचा स्वतःचाच भरवसा नाही, त्याला कोण बोलावील? एवढं कळत नव्हतं तुला?”

“दादा, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत की! सांगताना नाही लाज वाटली?”

बागमालक पाणी बघायच्या निमित्तानं सटकला. धाकट्यानं मान खाली घातली, पण चाकू काही खाली ठेवला नाही. कलमवाल्यानं ते बरोबर पाहिलं.

पुढच्या खेपेला बायको सोबत गेली. दारातच तिनं बजावलं, “आज बाकावर बसायचं नाव काढलंत तर बघा.”

ऑपरेशनचं ऐकून डॉक्टर चकित झाले. “ऑपरेशन करा असं मी म्हटलंच नव्हतं. आकडा चढला म्हणजे रोग वाढलाच असं नाही. आधी स्कॅन, मग सुईनं तुकडे काढून तपासणी, मग ठरवू. तुमच्या भावाला नीट समजावलं होतं.”

कलमवाल्याचे कान तापले, पण तो उठला नाही. ऑपरेशननंतर लघवी आवरेल का, हे त्यानं पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं विचारलं. काहींना बरेच दिवस त्रास होतो, डॉक्टरांनी सांगितलं. काही आडपडदा ठेवला नाही.

तपासण्या झाल्या. रोग वाढला होता. प्रोस्टेटच्या बाहेर गेला नव्हता, पण नुसती नजर ठेवून आता भागणार नव्हतं. ऑपरेशन किंवा किरणं, दोन्हींचं बरंवाईट डॉक्टरांनी समोर मांडलं. नवराबायको त्यावर खूप बोलले आणि कलमवाल्यानं ऑपरेशन निवडलं.

ते कळताच धाकटा घरी आला, छाती पुढे काढून. “मी तेव्हाच म्हणत होतो ना?”

रोग वाढल्याचं दुःख होतंच. पण याचं खोटं खरं ठरलं, हे कलमवाल्याला त्याहून जास्त झोंबलं. आता सगळा गाव म्हणणार, धाकटा काय चुकीचं बोलला होता? बागांची कामं तर धाकट्याच्या हातात गेलीच होती, भांडायला जागाही उरली नाही.

“मी येतो सोबत,” धाकटा म्हणाला. “डॉक्टरांशी बोलायला कुणी नको?”

“मला तोंड आहे.”

“दादा, असं तोडू नकोस. लोक विचारतील मला, दादा कसाय म्हणून. काय सांगू?”

“ठाऊक नाही म्हणून सांग,” कलमवाला म्हणाला. “निदान ते तरी खरं असेल.”