आमरीचं पाणी

“पानावर न्हाई वैनी, मुळावर शिंपडायचं. आन् पाणी ह्या ड्रममधलंच.”

दिनकरराव शेजारच्या क्वार्टरमधले, रेल्वेत गार्ड. त्यांच्या व्हरांड्यात लाकडाच्या तुकड्यांवर बांधलेल्या आमऱ्या, म्हणजे ऑर्किडची झाडं, टांगलेल्या. माती नाही, मुळं हवेत उघडी. एकीला पहिल्यांदाच फुलांचा दांडा आला होता आणि तो त्यांना परभणीच्या प्रदर्शनात मांडायचा होता. पण वालूरला त्यांच्या लेकीचं बाळंतपण निघालं, म्हणून पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. मी मान हलवली. माझ्या कडेवरची लेक गळा खाजवत होती.

ड्रममध्ये पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी होतं. पूर्णा जंक्शनला आमच्या क्वार्टरच्या नळाला बोअरचं खारं पाणी. आमरीची मुळं त्यानं जळतात म्हणे. माझ्या लेकीची कातडीही त्यानंच फुटली होती. डॉक्टरांनी गोड्या पाण्यानं अंघोळ घाला म्हटलं, म्हणून होळीच्या सुमारास मी एक बादली मागायला गेले. फुलांचं पाणी हाय ते, म्हणत दिनकररावांनी झाकण लावलं आणि वर वीट ठेवली. तेव्हा लेकीच्या काखेतून रक्त येत होतं. आमचे हे पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे, गार्डापेक्षा खालच्या पदावरचे. गार्डसाहेबांशी वाकडं नको म्हणाले.

ते नवरा-बायको वालूरला गेले त्याच दुपारी मी वीट उतरवली.

लेकीला रोज त्या पाण्यानं न्हाऊ घातलं. तिच्या काखा, मानेच्या घड्या मी उजेडात धरून पाहायचे. खपल्या गळाल्या. आमऱ्यांनाही विसरले नाही. त्यांना नळाचं, मुळांवर, आणि जाता जाता पानांवरही. पानांवर पांढरे डाग उठले, मुळांची हिरवी टोकं काळी पडली. मग कळ्या पिवळ्या होऊन गळायला लागल्या. सकाळी चहाच्या आधी मी त्या बघून यायचे.

ते परतले. दिनकररावांच्या बायकोनं, कमलबाईंनी, नातवाच्या बारशाचे पेढे माझ्या हातावर ठेवले. दिनकरराव ड्रममध्ये वाकून पाहत होते.

“पाणी कुठं गेलं, वैनी?”

“लेकीच्या अंघोळीला लागलं.”

“आन् ह्यांना?”

“नळाचं. आमी पितो तेच.”

आमच्या दारातून ह्यांनी हळूच हाक मारली, आत ये म्हणून. दिनकररावांनी एका पानावर अंगठा घासला. डाग निघेना. मग घरातून ब्लेड आणलं, रिकामा दांडा दोन बोटांत धरला.

मी आत गेले नाही. कापून होईपर्यंत लेकीला घेऊन तिथंच उभी राहिले.