आमदाराची होडी

मी 'बेसी'. पिवळ्या सीडरच्या लाकडाची, मासे पकडणारी होडी बोलतेय. आमदार एझ्रा जिमबद्दल आमच्या गावात दोन गोष्टी सांगतात: त्याने गाव विकलं, आणि त्याने गाव राखलं. दोन्ही सांगणारे छातीवर हात ठेवून सांगतात. तो माझ्याच पोटात झोपायचा, माझ्याच शेगडीवर कॉफी उकळायचा. तरी खरं काय असं मला विचाराल, तर मी आधी तुमच्याकडेच नीट बघून घेईन. कोण विचारतंय, आणि कशाला?

हा स्वभाव मला बांधणाऱ्याचा. साइलस पॉल त्याचं नाव. गावच्या दगडी किनाऱ्यावर त्याने मला उभं केलं. प्रत्येक फळी ठोकून ऐकायचा. विकणारा उगाच हसला, तर ती फळी परत पाठवायचा. "लाकूड वाळल्याशिवाय आणि माणूस जेवल्याशिवाय कळत नाही," असं म्हणायचा. मला त्याने बहिणीचं नाव दिलं.

साइलस गेला, तेव्हा मी त्याच्या मुलाकडे गेले नाही. आम्हा त्लिंगित आदिवासी लोकांत मूल आईच्या कुळाचं, आणि मामाचं ते भाच्याचं. म्हणून मी बेसीच्या मुलाकडे, एझ्राकडे आले. चांगला कोळी होता. पण बोलायचा फार गोड. मी पहिल्यापासूनच जरा सावध राहिले.

त्या बोलण्यावरच तो निवडून आला. गावागावाच्या धक्क्याला मला बांधायचा, कॉफीचं भांडं चढवायचा आणि लोकांना आत बोलवायचा. म्हाताऱ्या बाया विचारायच्या, "निवडून आलास की ओळख देशील ना रे?" तो हसायचा. आम्ही राजधानीला, ज्युनोला निघालो, तेव्हा त्याची आई बेसी स्वतः धक्क्यावर आली. वाळवलेले मासे आणि सीलच्या तेलाची बरणी तिने माझ्यात ठेवली आणि म्हणाली, "माझ्या नावाची नाव घेऊन चाललायस. दोन्हींतलं एकही बुडवू नकोस."

इतर आमदार हॉटेलात राहायचे. एझ्रा माझ्यातच राहायचा. त्याच्या मामाच्या काळात त्याच हॉटेलांच्या दारांवर आमच्या लोकांना मज्जाव करणारी पाटी असे. "पाटी काढली, पण खिळ्याचं भोक अजून तिथेच आहे," तो म्हणायचा. सकाळी टाय बांधून चढ चढून विधानसभेत जायचा. मी खाली बंदरात, डोंगरावरून कोसळणाऱ्या ताकू वाऱ्याच्या तडाख्यात दोर ताणून पडलेली. वर काय चालतं, ते मी कधीच पाहिलं नाही. माझ्या संशयाचं मूळ तिथे आहे.

त्या हिवाळ्यात परवान्यांचा कायदा आला. गेल्या काही हंगामांत ज्याने स्वतः मासेमारी केली, त्यालाच परवाना. बाकीच्यांनी जाळी गुंडाळायची. परवाना विकताही यायचा, आणि परवानावाला मेला, की तो बायकोला आणि मुलांना.

याच दिवसांत सामन मासे डबाबंद करणाऱ्या एका कारखान्याचा मॅनेजर, क्रॉफर्ड, माझ्यावर येऊ लागला. पॉलिश केलेले बूट. डेकवर पाय असा टेकवायचा, जणू डेकच त्याला चिकटणार होता. दार लावून दोघं हळू बोलायचे. मला क्रॉफर्डच्या बोलण्याचे तुकडे ऐकू यायचे. "माझी माणसं मी वळवतो... तू मात्र शब्द फिरवायचा नाहीस." मग हात मिळवल्याचा आवाज.

एकदा क्रॉफर्ड बाहेर पडत होता आणि नेमका समोरून मोझेस आला. मोझेस म्हणजे एझ्राच्या बायकोचा भाऊ. माशांनी भरलेलं जाळं ओढताना त्याच्या पाठीला मार बसला होता, आणि उपचारासाठी तो ज्युनोला येऊन-जाऊन असायचा. सलग काही हंगाम त्याचे अंथरुणातच गेले होते. आमच्याकडे मेहुण्याने मेहुण्याला तोंडावर टोचायचं आणि दुसऱ्याने हसायचं, अशी रीतच आहे.

"आमदारसाहेब, बूट काढून येऊ का आत?" मोझेस म्हणाला. "हल्ली तुमच्याकडे मोठी माणसं येतात."

एझ्रा हसला नाही. "बस. कॉफी घे."

"तो का आला होता?"

"काम होतं."

"कुणाचं काम? त्याचं, तुझं की आपलं?"

एझ्राने कप पुढे केला. मोझेसने तो घेतला, पण प्यायला नाही. ते मी पाहिलं.

मतदान झालं. बातमी मोझेसने माझ्या केबिनमधल्या रेडिओवर ऐकली: कायदा मंजूर, आणि एझ्रा जिमचं मत बाजूने. एझ्रा परतला, तेव्हा मोझेस उभाच होता.

"सांग, हे खोटं आहे."

"खरं आहे. ऐकून घे. कायदा माझ्याशिवायही होणारच होता."

"मग होऊ द्यायचा होतास तुझ्याशिवाय!"

"मत दिलं म्हणून क्रॉफर्डच्या माणसांकडून कायद्यात एक ओळ घालून घेता आली. बायको-मुलांबरोबर बहिणीची मुलंसुद्धा. नाहीतर आपल्यातलं मामाचं भाच्याकडे आलंच नसतं. एका पिढीत सगळं संपलं असतं."

मोझेसने रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "तुझ्या बहिणीला एकच मुलगी. रोझलिन. तिला मिळणार. आणि मी अंथरुणात होतो, म्हणून माझं गेलं. हा कायदा केलास, एझ्रा, की घरची वाटणी?"

मोझेस निघून गेला. कपात कॉफी तशीच राहिली.

त्यानंतर जे झालं, ते फक्त मला माहीत आहे. धक्क्याला बांधलेल्या होडीत कोळ्याला कधी मळमळत नाही. त्या दिवशी एझ्राला मळमळलं. कठड्यावरून वाकून तो ओकला आणि बराच वेळ तसाच राहिला. पश्चात्ताप होता, की पकडले गेल्याची भीती? वाटणीचं त्याच्या मनात आधीपासून होतं, की मोझेसने बोलून दाखवल्यावर त्याला पहिल्यांदा दिसलं? मी त्याच्या पायाखालीच होते, तरी सांगू शकत नाही.

पुढच्या निवडणुकीत तो पडला. आमच्याच गावाने पाडला. तो परत जाळं टाकू लागला. एकदा मोझेसच्या दारापुढच्या धक्क्याला मला नेऊन तो म्हणाला, "परवाना तुझ्या नावावर करून देतो."

मोझेस किनाऱ्यावरूनच बोलला, "मामाचं ते भाच्याचं म्हणतोस ना? मग रोझलिनच्या ताटातलं मला कशाला वाढतोस? जा."

त्यानंतर मोझेस त्याच्याशी बोलला नाही. दुसऱ्यांच्या होड्यांवर हाताखाली राबत राहिला. एकाच गावात, एकाच धक्क्यावर, दोघं एकमेकांना वळसा घालून जायचे.

एझ्रा शरद ऋतूत गेला. आमच्याकडे मेलेल्याला त्याच्या कुळाचे लोक हात लावत नाहीत. ते काम समोरच्या कुळांचं, म्हणजे सोयऱ्यांचं. मोझेस येणार नाही, असंच सगळे धरून चालले होते. मीही. पण तो आला. शवपेटी त्याने स्वतः ठोकली होती. दुखऱ्या पाठीने त्याने ती उचलली आणि माझ्या डेकवर ठेवली. समोरच्या लहान बेटावर आमची स्मशानभूमी. तिथे जाताना रोझलिन सुकाणूवर होती.

ती म्हणाली, "मामा तुमची वाट बघायचा."

"मी त्याला माफ केलेलं नाही," मोझेस म्हणाला. एक हात पेटीवर होता. लाट आली, की तो ती घट्ट धरायचा. "पण त्याला दुसऱ्या कुणी उचलायचं नाही."

ते ऐकून मी जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी बोलण्यावर संशय घेतला नाही.

आता मी रोझलिनची, आणि त्या ओळीमुळे परवानाही तिचाच. मोझेस माझ्याच डेकवर जाळी दुरुस्त करतो. दोघांचं हंगामात चांगलं जमतं. पण गावातले परवाने एकेक करून बाहेरच्यांनी विकत घेतले. उरलेत थोडे. परवा शहरातला एक माणूस धक्क्यावर आला. माझ्या फळ्यांचं कौतुक केलं आणि रोझलिनला हळूच परवान्याबद्दल विचारलं.

"मला विचार," मोझेस म्हणाला. "माझ्याकडे परवाना नाही, म्हणून मला तो विकता येत नाही."

रोझलिन हसली. पण त्या माणसाला म्हणाली, "विचार करून सांगते."

पोरी, तुझा मामा चांगला की वाईट, ते मी तुला सांगू शकणार नाही. त्या एका ओळीसाठी त्याने मेहुणा गमावला, गाव गमावलं, एवढं मात्र मी पाहिलंय. ती ओळ विकायचीच असेल, तर आधी मला किनाऱ्यावर ओढ आणि कुऱ्हाड लाव. तुझी चूल तरी पेटेल.

भरती लागलीय. धक्क्यावर पावलं वाजतायत, तिचीच आहेत. दोर सोडायला येतेय, की त्या माणसाला गाठायला, ते अजून कळत नाही.